वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी सातपूरमधले एक गॅरेज

सातपूर औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर, दोन लहान कारखान्यांच्या मध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये हे गॅरेज आहे. दर्शनी पाटीवर ना गॅरेजचे नाव आहे ना मालकाचे. 'येथे सर्व कंपन्यांच्या गाड्यांची कामे केली जातात' एवढाच मजकूर आहे, आणि तोही शब्दशः खरा नाही, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. येणारे ग्राहक मालकांना 'भाऊ' म्हणतात, म्हणून या लेखातही मी त्यांचा उल्लेख तसाच करतो. गाडीची वॉरंटी संपल्यापासून तिची सर्व यांत्रिक कामे मी इथेच करून घेत आलो आहे. वॉरंटी संपलेली, हप्ते नुकतेच फिटलेले आणि अजून बरीच वर्षे वापरायची गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, अशा नाशिककरांच्या उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

माझी गाडी २०२० च्या अखेरीस घेतलेली, चार मीटरच्या आतली, १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची आहे. त्या वर्षी १ एप्रिलपासून धुरातले प्रदूषण कमी करणारी बीएस ६ मानके लागू झाली होती, त्यामुळे इंजिनावर आणि धुराड्याच्या वाटेवर सेन्सरांचे जाळे असलेली ही गाडी आहे. असे इंजिन चालवायला सुखद असते. पण काही बिघडले की नुसत्या कानाने किंवा हाताने दोष सापडण्याचे दिवस तिच्या बाबतीत संपलेले असतात. वॉरंटीच्या काळात अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढे एखादा मोठा भाग बदलून मागायची वेळ आली तर कंपनी पहिल्यांदा सर्व्हिसची नोंद तपासते. प्रश्न त्यानंतरचा आहे. वॉरंटी संपल्यावर बिल भरणारे आपणच असतो, आणि काय बदलायचे हे मात्र समोरचा माणूस ठरवत असतो.

या गॅरेजचा मुख्य गुण मी आधीच सांगतो: इथे कारण सापडल्याशिवाय भाग बदलला जात नाही. हे वाक्य साधे वाटते, पण आजच्या गाडीच्या बाबतीत त्यावर हजारो रुपयांचा फरक पडतो. तो कसा पडतो, हे माझ्या गाडीच्या एका दुखण्यावरून नीट समजेल.

मुंबईहून परतताना कसारा घाट चढू लागलो की गाडीचा पिकअप अचानक जायचा. एक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढायची नाही, पुढच्या काट्यांमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, आणि इगतपुरीला थांबून गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की सपाट रस्त्यावर ती पूर्ववत धावायची. शहरात, म्हणजे गंगापूर रोड ते नाशिकरोड अशा रोजच्या फिरण्यात, काहीही जाणवत नसे. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, पी०२९९ हा कोड आला, आणि टर्बोचार्जर बदलावा लागेल असे सांगून सुमारे ऐंशी हजारांचे अंदाजपत्रक हातात दिले. टर्बो खराब आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरवले, असे विचारले तेव्हा 'स्कॅनरमध्ये तसे दाखवते' एवढेच उत्तर मिळाले.

स्कॅनर तसे दाखवत नाही. पी०२९९ या कोडचा अर्थ इतकाच असतो, की टर्बोने जितका हवेचा दाब द्यायला हवा होता तितका दाब इंजिनाच्या संगणकाला मिळालेला नाही. टर्बो हवा दाबतो, ती दाबलेली गरम हवा जाड पाइपांतून इंटरकूलरमध्ये जाते, तिथे थंड होते आणि मग इंजिनात शिरते. या वाटेवर कुठेही हवा निसटली, दाब मोजणारा सेन्सर चुकीचे सांगू लागला, टर्बोवरची दाब नियंत्रित करणारी झडप अडकली किंवा खुद्द टर्बोची पाती झिजली, तरी कोड तोच येतो. दाब कमी पडतो आहे असे दिसताच संगणक इंजिनाला इजा होऊ नये म्हणून ताकद कमी करतो, आणि घाटात गाडी 'बसल्यासारखी' वाटते. कोड हे लक्षण आहे. कारण त्यापुढे शोधावे लागते.

भाऊंनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. पिकअप कितव्या गिअरमध्ये जातो, एसी चालू असताना जातो की बंद असतानाही, गाडी गरम झाल्यावरच जातो का, जोर देताना फुस्स असा आवाज येतो का, अलीकडे बंपरचे किंवा रेडिएटरचे काही काम झाले आहे का. शेवटच्या प्रश्नाला मी होकार दिला, कारण पुढचा बंपर काही महिन्यांपूर्वी खोलला गेला होता. मग त्यांनी डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला आपला स्कॅनर जोडला, मला शेजारी बसवले आणि गाडी रस्त्यावर काढली. स्कॅनरच्या पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसत होते: संगणक मागत असलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळणारा दाब. सुरुवातीला दोन्ही जवळजवळ सोबत वाढत होते. इंजिन तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की दुसरा आकडा मागे पडत होता. टर्बोच निकामी झाला असता तर तो थंड गाडीतही बहुधा मागेच पडला असता, असे त्यांनी परत येताना समजावून सांगितले.

"साहेब, टर्बोला हात लावायच्या आधी हवा कुठून निसटते ते बघून घेऊ," असे म्हणून त्यांनी धुराचे यंत्र काढले. हे यंत्र तेल तापवून पांढरा धूर तयार करते आणि तो हलक्या दाबाने हवेच्या वाटेत सोडते. एअर फिल्टरच्या बाजूचे तोंड रबरी बूच लावून बंद केले, धूर आत सोडला, शेडमधला पंखा बंद करवला आणि हातातल्या बॅटरीचा झोत इंटरकूलरच्या खालच्या पाइपावर धरला. थोडा वेळ काहीच दिसले नाही. मग पाइप जिथे क्लिपने आवळला होता तिथून, क्लिपच्या अगदी कडेला, दोऱ्याइतकी बारीक धुराची रेघ वर येऊ लागली. क्लिप काढल्यावर पाहिले तर ती तिरपी बसवलेली होती आणि तिच्या धारेने रबर कापले जाऊन नखाएवढी चीर पडली होती. पाइप थंड असताना चीर मिटलेली राही, तापून दाब वाढला की उघडे. नवा पाइप, दोन नव्या क्लिपा, तपासणीचे शुल्क आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आत काम झाले. त्यानंतर कसारा घाट भर उन्हाळ्यात, गाडीत पाच माणसे आणि एसी चालू असताना चढलो आहे, आणि तो दिवा पुन्हा लागलेला नाही.

या गॅरेजविषयी जी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, ती याच तपासणीच्या शुल्काची आहे. भाऊ दोष शोधण्याचे वेगळे पैसे घेतात, आणि ते आधी सांगतात. काम त्यांच्याकडे केले नाही तरी ते द्यावे लागतात. अनेकांना हे खटकते. 'नुसते बघायचे कसले पैसे?' असे म्हणून दारातून परत जाणारे लोक मी तिथे पाहिले आहेत. मला वाटते हे शुल्क या गॅरेजच्या प्रामाणिकपणाचा पाया आहे. जिथे तपासणी फुकट असते तिथे तासभर घालवलेल्या मेहनतीची भरपाई सुटा भाग विकूनच करावी लागते, आणि जितका भाग महाग तितकी भरपाई मोठी. जिथे शोधण्याचे पैसे मिळतात तिथे 'काहीही बदलायची गरज नाही' असे सांगणे मेकॅनिकला परवडते. माझ्या गाडीच्या मागच्या बाजूने खडखड येत होती तेव्हा त्यांनी मला शुल्क लावून हेच सांगितले: सस्पेन्शन ठीक आहे, डिकीतल्या जॅकचा पट्टा सैल झाला आहे. ते पैसे देताना मला जराही वाईट वाटले नाही.

नेहमीच्या सर्व्हिसची पद्धतही लिहिण्याजोगी आहे. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे गाडीसोबत मिळालेले पुस्तक मागितले. आपल्यापैकी बहुतेकांनी ते डॅशबोर्डच्या कप्प्यातून कधी बाहेरही काढलेले नसते. त्यात किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचे आणि काय बदलायचे याचा तक्ता असतो, ऑइलचा ग्रेड असतो, चाकांच्या नटांना किती जोर द्यायचा तेही असते. माझ्या गाडीला दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी होईल ते, ऑइल बदलायचे आहे, आणि वर्षातून कमी फिरणाऱ्या गाडीच्या मालकाने त्यातला 'वर्षाने' हा शब्द विसरू नये असे भाऊ आवर्जून सांगतात. सकाळी दोन किलोमीटर शाळेत आणि संध्याकाळी दोन किलोमीटर बाजारात, एवढीच फिरणारी गाडी पुरेशी तापत नाही. आत साचलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये मिसळत राहतो आणि किलोमीटरचा आकडा लहान दिसत असताना ऑइल मात्र खराब झालेले असते.

ऑइलचा सीलबंद डबा ते ग्राहकासमोर फोडतात. आपला डबा आपण नेला तरी चालतो, फक्त त्यावरचा ग्रेड आणि मानक पुस्तकाशी जुळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह असतो. आजकालच्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी पातळ ऑइल दिलेली असतात, आणि 'आपल्याकडे ऊन फार, जरा जाड ऑइल टाकू' हा सल्ला आजही नाशिकमध्ये अनेक ठिकाणी सर्रास मिळतो. भाऊंना हा सल्ला मान्य नाही. इंजिनातल्या फटी, ऑइल पंप आणि टर्बोपर्यंत ऑइल नेणारी बारीक नळी हे सर्व ठरावीक पातळपणा धरूनच बनवलेले असते, असे ते सांगतात. ऑइल काढल्यावर ड्रेन बोल्टाखालचा चपटा वॉशर दर वेळी नवा घालतात. काही रुपयांची ही वस्तू वाचवल्यामुळे ऑइल झिरपणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. चाके बसवताना आवळण्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येणारा पाना, वापरतात आणि नट एका मागोमाग एक न आवळता समोरासमोरचे आवळतात. ब्रेक ऑइलमध्ये बारीक काड्यांचे एक छोटे यंत्र बुडवून त्यातल्या पाण्याचे प्रमाण पाहतात, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक सतत वापरले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते. वणीच्या गडाचा उतार किंवा कसारा घाट वारंवार उतरणाऱ्याने हे ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच हवे. पावसाळ्यात त्र्यंबक आणि इगतपुरीकडे सतत जाणाऱ्यांच्या गाड्यांत ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि एकाच बाजूचे पॅड झिजते. पॅड बदलताना त्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावण्याचे काम इथे न सांगता होते, जे मला इतरत्र सांगूनही झालेले आढळले नव्हते.

आता बिलाविषयी. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बिलात ऑइल, फिल्टर आणि मजुरी यांच्या जोडीला 'इंजिन ड्रेसिंग', 'एसी निर्जंतुकीकरण', 'थ्रॉटल बॉडी क्लिनिंग', 'इंजेक्टर क्लिनर', 'व्हील ड्रेसिंग' अशा नावांच्या ओळी असतात. यांपैकी बहुतेक गोष्टी पुस्तकातल्या तक्त्यात नसतात. सर्व्हिस अॅडव्हायझर त्या जॉब कार्डात आधीच लिहून ठेवतो आणि आपण घाईत सही करतो. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, काजळलेली असेल तर ती साफ करावीच. प्रत्येक वेळी करण्याचे कारण नाही. या गॅरेजच्या बिलात अशी एकही ओळ मला आजवर दिसलेली नाही. उलट एसीची हवा कमी येते म्हणून मी गॅस भरायला सांगितला, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा काढून मागचा केबिन फिल्टर माझ्या हातात ठेवला. शहरभर कुंभमेळ्याच्या तयारीसाठी रस्त्यांची कामे चालू आहेत, त्या मातीने त्याच्या घड्या पूर्ण भरून गेल्या होत्या. फिल्टर बदलला आणि हवा पूर्वीसारखी येऊ लागली. हा फिल्टर बदलायला कोणतेही अवजार लागत नाही, पुढच्या वेळी स्वतःच बदला, असे सांगून कसा बदलायचा तेही दाखवले.

काढलेला प्रत्येक जुना भाग नव्याच्या खोक्यात घालून ग्राहकाला परत दिला जातो. नको असेल तर तिथेच ठेवावा, पण आधी बघावा, असा नियम आहे. सुट्या भागांच्या बाबतीत भाऊ तीन पर्याय समोर ठेवतात: गाडीच्या कंपनीच्या नावाच्या खोक्यातला भाग, तोच भाग मुळात बनवणाऱ्या कारखान्याच्या खोक्यातला, आणि बाजारातला स्वस्त भाग. तिसरा पर्याय ते ब्रेक, स्टिअरिंग आणि कूलिंग यांसाठी देतच नाहीत. दुसरा पर्याय बहुतेक वेळा सर्वांत फायद्याचा असतो. द्वारका परिसरातल्या दुकानांतून भाग आणला की खोक्यावरची छापील किंमत आणि दुकानाचे बिल दोन्ही दाखवतात आणि आणण्याचे श्रम म्हणून ठरलेली रक्कम वेगळी लावतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी किंमत छापलेल्या खोक्यांवर नवी किंमत किती पडते हेही त्यांनी बिलात वेगळे दाखवले होते.

स्वतंत्र गॅरेजांना अस्सल भाग आणि निदानाची साधने मिळणे हा आपल्या देशात जुना वाद आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता आणि सुटे भाग व निदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करून द्यावीत असा आदेश दिला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण ग्राहक म्हणून मला त्यातला मूळ मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो: गाडी विकत घेतल्यावर ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा असला पाहिजे, आणि तो अधिकार कागदावर असून भागत नाही, ती दुरुस्ती करू शकणारा, त्याची साधने असलेला माणूसही शहरात असावा लागतो.

नाशिकला असे लोक आहेत, आणि त्यामागे कारण आहे. याच सातपूरला महिंद्राचा मोटारींचा कारखाना आहे, सिएटचा टायरचा कारखाना आहे, आणि ज्याला जुने नाशिककर अजूनही 'मायको' म्हणतात तो बॉशचा डिझेल इंजेक्टर बनवणारा कारखाना आहे. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे सातपूर आणि अंबडमध्ये पसरलेले आहे. त्र्यंबक रोडच्या आयटीआयमधून शिकलेली मुले या कारखान्यांत उमेदवारी करतात आणि त्यांतली काही पुढे स्वतःचा धंदा उभारतात. भाऊ त्यांपैकीच एक आहेत. मायक्रोमीटर वापरण्याची, मोजमाप वहीत लिहून ठेवण्याची त्यांची सवय कारखान्यातून आलेली आहे, हे त्यांच्याकडे पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. ब्रेकच्या डिस्कची जाडी ते अंदाजाने सांगत नाहीत. मोजतात, डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहतात आणि तुमच्या गाडीच्या पानावर तारखेसह लिहितात. उंदरांनी तारा कुरतडण्याचा उपद्रव शेताजवळच्या वस्त्यांत, म्हणजे म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी या बाजूंना फार आहे; तुटलेली तार ते नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळत नाहीत, तर डाख देऊन त्यावर तापवून आवळणारी नळी चढवतात. सेन्सरच्या तारेतला सैल जोड पुढे महिनोन्महिने खोटे कोड दाखवत राहतो, म्हणून हे काम असेच व्हायला हवे.

समृद्धी महामार्गाने जाण्याआधी टायर दाखवून घेण्याचा त्यांचा आग्रह मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता उपलब्ध आहे, आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने फिरणारे टायर त्या वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर, तासन्‌तास चालवणे ही वेगळी परीक्षा असते. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो. २३२० असे असेल तर तो टायर २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी भरपूर शिल्लक असूनही रबर जुने होऊन बारीक भेगा पडलेल्या असू शकतात, हे त्यांनी माझ्याच गाडीच्या पाचव्या चाकावर दाखवले. हवा थंड टायरमध्ये, दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबाइतकीच भरायची, आणि 'हायवेला जातोय म्हणून कमी ठेवा' हा सल्ला ऐकायचा नाही, कारण कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो.

पेट्रोलमधल्या इथेनॉलविषयी तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि भाऊंचे उत्तर मला समतोल वाटले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात अॅव्हरेज थोडे घटणार हे गृहीत धरावे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या बहुधा या मिश्रणासाठी बनवलेल्या नसतात, म्हणून त्यांत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांच्यावर सर्व्हिसच्या वेळी नजर ठेवावी, गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी ठेवू नये, आणि पंपावर विकल्या जाणाऱ्या 'इथेनॉल प्रोटेक्टर' बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. अशा बाटल्या ते स्वतः विकत नाहीत.

आता उणिवा, आणि त्या कमी नाहीत. पाटीवर सर्व कंपन्या लिहिल्या असल्या तरी ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या आतले काम, एअरबॅगचे काम आणि चावीचे प्रोग्रॅमिंग इथे होत नाही. पुढच्या काचेवर कॅमेरा असलेल्या गाड्यांची काच बदलली की कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करावे लागते, त्याची साधने इथे नाहीत. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या उच्च विद्युत दाबाच्या भागाला भाऊ हात लावत नाहीत आणि ते योग्यच आहे. हे सर्व ते विचारल्यावर लगेच सांगतात, पण पाटी मात्र बदलत नाहीत. लांबून आलेल्या ग्राहकाची त्यामुळे फेरी वाया जाते, म्हणून ती पाटी त्यांनी बदलायला हवी. डेंटिंग-पेंटिंग होत नाही. विमा कंपन्यांच्या कॅशलेस यादीत हे गॅरेज नाही, त्यामुळे अपघाताच्या दाव्यासाठी अधिकृत सेंटरलाच जावे लागते. गाडीच्या संगणकाचे सॉफ्टवेअर अपडेट आणि कंपनीने परत बोलावलेल्या भागांची मोफत बदली हेही तिथेच होते, म्हणून वॉरंटी संपल्यावरही वर्षातून एकदा गाडीचा चासी क्रमांक देऊन अशी काही बदली बाकी आहे का, हे अधिकृत सेंटरला विचारून घ्यावे.

वेळेच्या बाबतीत माझा अनुभव समाधानकारक नाही. संध्याकाळी देतो म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे, आणि काम चालू असताना भाऊ फोन उचलत नाहीत. एकाच माणसाच्या डोळ्याखालून प्रत्येक काम गेले पाहिजे असा त्यांचा हट्ट असल्यामुळे हे होते. कामाचा दर्जा त्यामुळेच टिकतो, हे मान्य करूनही ग्राहकाला उशिराची सूचना देणे अवघड नाही. हाताखाली दोन मुले आहेत, त्यांच्यापैकी एकाने फोन करावा. बसायला शेडबाहेर एक बाक आहे, पावसाळ्यात तोही भिजलेला असतो. गाडी घरून नेण्याची आणि परत आणून देण्याची सोय नाही. वयस्कर माणसांना किंवा नोकरीमुळे दिवसभर अडकलेल्यांना हे गैरसोयीचे पडेल, आणि त्यांना अधिकृत सेंटरची महाग पण नेटकी सेवा अधिक सोयीची वाटली तर ते समजण्यासारखे आहे.

खर्चाची तुलना करायची तर माझ्या गाडीची वार्षिक सर्व्हिस इथे अधिकृत सेंटरच्या साधारण दोन तृतीयांश खर्चात होते. ऑइल आणि फिल्टर यांची किंमत दोन्हीकडे जवळपास सारखीच पडते. फरक मजुरीचा आणि तक्त्याबाहेरच्या ओळींचा आहे. बिल जीएसटीसह छापील मिळते, त्यावर गाडीचे किलोमीटर आणि वापरलेल्या भागांचे क्रमांक असतात. गाडी पुढे विकायची झाली तर अधिकृत सेंटरचे शिक्के नसल्याने भाव थोडा कमी येईल अशी शंका अनेकांना असते. अशा छापील बिलांची फाईल आणि जुन्या मोजमापांची नोंद दाखवली तर जाणता ग्राहक ती शिक्क्यांइतकीच मोलाची मानतो. माझ्या मेहुण्याने याच गॅरेजमध्ये सांभाळलेली हॅचबॅक विकताना ती फाईलच घेणाऱ्याने पहिल्यांदा मागितली होती.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन करून वेळ घ्यावी, कारण त्यानंतर फोन उचलला जाण्याची शक्यता कमी असते. रविवारी गॅरेज बंद असते. सोबत गाडीचे पुस्तक, मागच्या सर्व्हिसची बिले आणि दुसरी चावी न्यावी. दोष अधूनमधून दिसणारा असेल तर तो कधी, कोणत्या वेगाला, थंड गाडीत की तापलेल्या गाडीत आणि एसी चालू असताना की बंद असताना दिसतो, हे कागदावर लिहून न्यावे. पुढच्या काट्यांमध्ये दिवा लागला असेल तर त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, आणि गाडी दाखवण्याआधी बॅटरीची तार काढून तो दिवा घालवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तसे केल्याने साठवलेला कोड आणि तो आला त्या क्षणाची इंजिनाची नोंद पुसली जाऊ शकते आणि भाऊंना शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.